कालवड कोणाच्या दारी जाते?

१/
जून १९४५. युरोपातील तोफा थंडावून फार दिवस झाले नव्हते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून ग्रीसकडे निघालेल्या एका मालवाहू जहाजावर जनावरे भरलेली होती. त्यांचे चारापाणी करण्यासाठी जे लोक नेमले होते, त्यांत खेड्यातले शेतकरी होते, कॉलेजचे विद्यार्थी होते, शिक्षक होते आणि रविवारी प्रवचन देणारे पाळकही होते. पुढच्या दोन वर्षांत अशा सुमारे सात हजार जणांनी समुद्र ओलांडला. लोक त्यांना ‘दर्यावर्दी गुराखी’ म्हणू लागले.

२/
ख्रिस्ती सेवाकार्याचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर दोन तट पडतात. एकाला त्यात निर्मळ करुणा दिसते, दुसऱ्याला धर्मांतराचे आमिष. या धाग्याचे म्हणणे असे की, दोन्ही तट दात्याच्या मनाचा ठाव घेऊ पाहतात आणि मन हे इतिहासाचे साधन नव्हे. दिलेल्या जनावराचा माग मात्र काढता येतो. गाय कोणाला मिळाली, तिचे पुढचे वासरू कोणाकडे गेले आणि हे कोणी ठरवले, या तीन प्रश्नांची उत्तरे दात्याच्या भाषणांपेक्षा अधिक खरे बोलतात.

३/
आधी पार्श्वभूमी. जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ येथे १७०८ मध्ये अलेक्झांडर माक आणि त्याचे सहकारी अशा आठ जणांनी नदीत पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या पंथाला पुढे ‘चर्च ऑफ द ब्रदरेन’ हे नाव मिळाले. छळामुळे ही मंडळी अमेरिकेत गेली आणि शेतीत स्थिरावली. शस्त्र हाती घ्यायचे नाही, हा त्यांचा कडक नेम. क्वेकर आणि मेनोनाइट यांच्याबरोबर ‘शांतिवादी चर्च’ म्हणून त्यांची गणना होते.

४/
याच पंथातला इंडियानाचा शेतकरी म्हणजे डॅन वेस्ट (१८९३–१९७१). स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले असताना, १९३७ मध्ये, तो क्वेकरांच्या मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून गेला. हे मदतकार्य युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या निर्वासितांसाठी होते. भुकेल्या मुलांना पावडरीचे दूध मोजून वाटणे हे तेथील रोजचे काम. दूध थोडे आणि हात पुष्कळ. आज पेला भरला तरी उद्या तेच मूल पुन्हा रांगेत उभे असणार, हे वाटणाऱ्याला ठाऊक होते.

५/
वेस्टच्या मनात आलेला विचार शेतकऱ्याचाच होता: पेलाभर दुधाऐवजी गायच दिली तर? वाटणाऱ्याचा हातच मधून काढून टाकला तर? १९३८ मध्ये मायदेशी परतल्यावर त्याने ही कल्पना शेजारच्या शेतकऱ्यांपुढे आणि चर्चच्या बैठकांपुढे मांडायला सुरुवात केली. ती मार्गी लागायला चार वर्षे गेली. १९४२ मध्ये उत्तर इंडियानातील ब्रदरेन मंडळींनी ती उचलली आणि पुढे पंथाच्या सेवासमितीने तिला आपले केले.

६/
योजनेतील जनावर काळजीपूर्वक निवडलेले होते. पूर्ण वाढलेली दुभती गाय न देता कालवड द्यायची, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली तरुण गाय, आणि तीही शक्यतो गाभण. पोहोचल्यावर लवकरच ती विणार, घरात दूध येणार, आणि गोठ्यात एकाची दोन जनावरे होणार. आणि येथेच एक अट होती: गाय मिळालेल्या कुटुंबाने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची.

७/
या अटीचे मोल मराठी वाचकाला चटकन कळावे, कारण जनावर देण्याच्या दोन जुन्या रीती त्याच्या परिचयाच्या आहेत. पहिली गोदानाची. येथे गाय सामाजिक उतरंडीत वर जाते, देणाऱ्याला पुण्य लाभते आणि व्यवहार तेथेच संपतो. दुसरी अर्धलीची. ऐपतदार माणूस गरिबाला शेळी किंवा गाय पाळायला देतो आणि होणाऱ्या पिलांत अर्धा वाटा घेतो. येथे जनावर खाली जाते, पण त्याची वाढ मालकाकडे परत येते.

८/
वेस्टच्या योजनेत कालवड वरही जात नाही, परतही येत नाही. ती आडवी जाते, शेजाऱ्याच्या दारी. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले होते की दान कधीच फुकट नसते. घेणाऱ्यावर परतफेडीचा भार येतो, आणि परतफेड जमली नाही तर तो कायमचा मिंधा होतो. वेस्टने हा भार नाहीसा केला नाही. त्याने परतफेडीचा पत्ता बदलला. ऋण राहिले, सावकार मात्र उरला नाही. या योजनेतील सर्वांत क्रांतिकारक गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

९/
प्रत्यक्ष आरंभ साधाच होता. शेतकऱ्यांनी आपापल्या गोठ्यातली वासरे दिली, मंडळीतल्या तरुणांनी ती वाढवली. पहिल्या तीन वासरांची नावे बायबलमधून आली: विश्वास, आशा आणि प्रीती. १९४४ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथून १७ कालवडींचा पहिला तांडा निघाला आणि अलाबामातील मोबील बंदरातून पोर्तो रिकोला पोहोचला. युरोपसाठी सुचलेली योजना आधी कॅरिबियन बेटावर गेली, कारण युद्धामुळे अटलांटिक पार करणे अशक्य होते.

१०/
ही माणसे एवढी झटत का होती? केवळ दया हे उत्तर अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती. शस्त्र नाकारणाऱ्या सुमारे १२ हजार तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवाशिबिरांत बिनपगारी काम केले, आणि त्या शिबिरांचा बराचसा खर्च शांतिवादी चर्चनी उचलला. शेजाऱ्यांची मुले आघाडीवर मरत असताना ‘आम्ही लढणार नाही’ म्हणणाऱ्यांना भ्याडपणाचा ठपका पुसायचा होता. म्हणजे कालवड ही घेणाऱ्याची गरज होती तशी देणाऱ्याचीही होती. हे मान्य केल्याने तिचे दूध पातळ होत नाही.

११/
युद्ध संपताच संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेने, म्हणजे ‘उन्रा’ने, युरोपला जनावरे पाठवायचे ठरवले. जहाजांवर गुरे सांभाळणारी माणसे मिळेनात. ब्रदरेन सेवासमितीने माणसे पुरवण्याचे पत्करले आणि त्याबदल्यात आपल्या कालवडींची वाहतूक मिळवली. सोळा वर्षांच्या पोरांपासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत लोक पुढे आले. एका फेरीचे मानधन होते दीडशे डॉलर. कालपर्यंत गावाची वेस न ओलांडलेल्या मुलांनी पोलंडमधली बेचिराख शहरे डोळ्यांनी पाहिली.

१२/
येथे एक सावधगिरी. त्या दोन वर्षांत जहाजांतून गेलेल्या जनावरांची संख्या लाखांत होती, पण त्यांतली बहुसंख्य उन्राची, सरकारांच्या पैशाने घेतलेली, आणि त्यांत घोडे व खेचरे फार. चर्चच्या दानाच्या कालवडी होत्या केवळ काही हजार. स्मरणरंजनात हा फरक पुसला जातो आणि साऱ्या तांड्याचे श्रेय भक्तिभावाला मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाने सरकारी तिजोरीचा वाटा तिजोरीच्या पदरी घालावा.

१३/
मग भक्तिभावाचा खरा वाटा कोणता? तो जहाजावर नव्हता, गावात होता. कालवड पुढे द्यायची अट कागदावर लिहिणे सोपे, पण दोन वर्षांनी ती पाळली गेली की नाही हे पाहणार कोण? त्यासाठी दर आठवड्याला एकत्र जमणारे, एकमेकांना नावाने ओळखणारे आणि शब्द मोडल्यास लाज वाटायला लावणारे एखादे मंडळ लागते. गावातली उपासक मंडळी हे असे तयार मंडळ होते. प्रार्थनेसाठी जमणारे लोकच नोंदवहीही सांभाळू शकत होते.

१४/
पण हीच या पद्धतीची जोखीमही होती. यादी जो करतो, तो कोणाला तरी वगळतो. या प्रकल्पाचे जाहीर धोरण पंथ, वंश वा राजकारण न पाहता देण्याचे होते. तरीही गावपातळीवरची निवड मंडळीच्या हाती असेल, तर मंडळीबाहेरचे घर यादीत येण्यासाठी कोणाच्या तरी मनाचा मोठेपणा लागतो. हक्काची जागा मोठेपणाने घेतली की घेणारा पुन्हा मिंधा होतो. धोरण उदार असणे आणि यादी उदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५/
आता भारताकडे वळू, कारण येथे हा प्रयोग डॅन वेस्टच्या आधीपासून सुरू होता, फक्त जनावर वेगळे होते. उत्तर प्रदेशातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आर्थर स्लेटर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुक्कुटपालनाचे काम उभे केले. चांगल्या जातीचे कोंबडे आणि उबवणीची अंडी खेड्यांतून द्यायची, गावठी कोंबड्यांची अवलाद सुधारायची. घेणारे बहुतेक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले, सफाईचे काम करणारे भूमिहीन ख्रिस्ती.

१६/
गाय न देता कोंबडीच का दिली? गाय पाळायला दावण, गोठा, वैरण आणि गायरानावर चरायचा हक्क लागतो. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, त्याची गाय गायरानात कोण चरू देणार? कोंबडीला अंगण पुरते. शिवाय सवर्ण शेतकरी कोंबडीला शिवत नसल्याने या धंद्यात त्याची स्पर्धाही नव्हती. ज्या कोंबडीमुळे हीनपणा चिकटला, तिनेच बाजारात शिरायला वाट दिली. जनावराची निवड ही त्या गावच्या जमिनीची आणि जातीची नोंदच असते.

१७/
दुसरे उदाहरण दक्षिण त्रावणकोरमधील मार्तंडमचे. के. टी. पॉल (१८७६–१९३१) हे वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस. सावकारी पाशातून खेडूत सुटावा म्हणून सहकारी पतपेढ्यांपासून त्यांनी ग्रामकार्याचा आरंभ केला. याच कार्यातून १९२० च्या दशकात अमेरिकन कार्यकर्ते स्पेन्सर हॅच यांनी मार्तंडमचे केंद्र वाढवले. कोंबड्या, मधमाश्या, सुधारित वळू असे तेथील उद्योग, आणि ते सर्व धर्मांच्या लोकांना खुले होते.

१८/
मार्तंडमचे वेगळेपण अंड्यात नाही, अंड्याच्या विक्रीत आहे. तेथे अंडी विकणारी सहकारी संस्था उभी राहिली. अंडी निवडून, प्रत लावून शहराच्या बाजारात पाठवायची, आणि मधल्या दलालाचा वाटा उत्पादकाच्या घरात राहू द्यायचा. मधाचेही तसेच. जनावर देऊन थांबणाऱ्या आणि बाजारापर्यंत सोबत चालणाऱ्या सेवेत किती अंतर असते, ते येथे दिसते. हॅच यांनी १९३२ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि पुढे अनेक ग्रामसुधारकांनी त्यातून धडे घेतले.

१९/
आता टाळता न येणारा प्रश्न: यामागे धर्मांतराचा हेतू होता का? मिशनच्या कामात तो होता, आणि मिशनऱ्यांनी तो लपवलाही नाही. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यांतली पुष्कळ ख्रिस्ती झाली. हे सेवेचे फळ की असहायतेचे, हा वाद तेव्हाही होता. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा ठपका ठेवला.

२०/
हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. भुकेल्याच्या संमतीला किती अर्थ, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो अर्धा प्रश्न आहे. एटाच्या भूमिहीन माणसाने मिशनची कोंबडी घेतली, तेव्हा गावाने त्याच्यापुढे दुसरे काय ठेवले होते? आमिषाची चर्चा करताना उपासमारीला जणू निसर्गनियम मानले जाते आणि घेणारा माणूस विचारशून्य ठरतो. त्याने काय तोलले, काय नाकारले आणि कशाचा उपयोग करून घेतला, याची नोंद घेतल्याशिवाय ‘आमिष’ हा शब्द वापरणे म्हणजे त्याचा दुसऱ्यांदा अपमान करणे आहे.

२१/
या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. ज्या ब्रदरेन पंथाने पुढे कालवडी पाठवल्या, त्याचेच मिशन १८९० च्या दशकात बुलसार, म्हणजे आजच्या वलसाड, येथे सुरू झाले आणि तेथून डहाणूपर्यंत पसरले. शाळा, दवाखाना, शेतीकाम हे त्याचे स्वरूप. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. परिसरातले बहुसंख्य वारली: जंगल आणि जमीन हातची गेलेले, जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून राबणारे.

२२/
आता १९४५ हे साल पुन्हा आठवावे. त्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जणांचा बळी गेला. त्याच वर्षी दर्यावर्दी गुराखी युरोपकडे निघाले होते. दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध जोडायचा नाही, पण त्या शेजारी ठेवून पाहायलाच हव्यात.

२३/
कारण येथे दानाची मर्यादा उघडी पडते. इंडियानातला शेतकरी स्वतःच्या जमिनीवर उभा होता. त्याच्या दृष्टीने गरिबी म्हणजे गोठा रिकामा असणे. वारल्याची गरिबी रिकाम्या गोठ्याने आलेली नव्हती. गवत दुसऱ्याचे, जमीन दुसऱ्याची आणि दिवसही दुसऱ्याचा, अशा माणसाच्या दारी कालवड बांधली, तर ती संध्याकाळपर्यंत जमीनदाराच्या दावणीला जाईल. तेथे आधी वेठ मोडावी लागते. ते काम दानाने होत नाही, संघर्षाने होते.

२४/
तरी याचा अर्थ दान निरुपयोगी असा नव्हे. वेठ मोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला दूध द्यायचेच असते. हक्क मिळाल्यावर उभे राहायला भांडवल लागते, आणि बँक दारात उभे करत नाही. संघर्ष आणि संगोपन या दोन्हींना आपापली वेळ असते. चूक तेव्हा होते, जेव्हा दान देणारा गोठ्यापलीकडच्या जमिनीकडे पाहणे टाळतो, किंवा लढणारा दुधाला ‘किरकोळ’ म्हणतो.

२५/
पुढे काय झाले? ब्रदरेन तरुणांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये कायमस्वरूपी स्वयंसेवक योजना सुरू झाली. कालवडींचा प्रकल्प १९५३ मध्ये स्वतंत्र संस्था झाला, आणि आज ती ‘हेफर इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली जाते. शेळ्या, कोंबड्या, मधमाश्याही तिच्या यादीत आल्या. संस्थेच्या बारा तत्त्वांत ‘पुढे देणे’ आहे, प्रशिक्षण आहे, पर्यावरण आहे आणि आध्यात्मिकताही आहे. नुसती गाय पुरत नाही, हे अनुभवाने शिकवले.

२६/
या शहाणपणाला अलीकडे संशोधनाचाही दुजोरा मिळाला. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा भारतासह सहा देशांतील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिगरीब कुटुंबांना जनावरासारखी मत्ता, सोबत प्रशिक्षण, काही काळ खर्चाला आधार, बचतीची सोय आणि नियमित घरभेटी असे सारे एकत्र दिले असता लाभ टिकून राहिल्याचे त्यात आढळले. यातली घरभेट हे काम पूर्वी गावची उपासक मंडळी करत होती. भाषा बदलली, गरज तीच राहिली.

२७/
आणि हा काही एका धर्माचा मक्ता नव्हे. गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला आलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ची स्थापना केली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. तेथेही आश्रम होता, प्रार्थना होती, व्रतस्थ कार्यकर्ते होते. गोठ्याशेजारी श्रद्धा का लागते? जनावर दुसऱ्या दिवशीही चारा मागते, तिसऱ्या दिवशीही मागते, आणि उत्साह ओसरल्यावर टिकून राहणारी एखादी बांधिलकी त्याला हवी असते.

२८/
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत भारतातले ब्रदरेनही होते. परदेशी मिशनचे नाव मागे पडले आणि गावातल्या मंडळ्या येथल्याच झाल्या. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या, वर्गणीच्या आणि सभांच्या जुन्या वह्या आहेत. सहकारी संस्थांकडे तशाच वह्या आहेत. या वह्यांना वाळवी लागते, आणि त्यांच्यासोबत घेणाऱ्यांचा इतिहास जातो. देणाऱ्यांचा इतिहास अमेरिकेतल्या कपाटांत नीट लावून ठेवलेला आहे.

२९/
म्हणून इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना या धाग्याची एकच विनंती. पुढच्या वेळी ‘सेवा की आमिष’ हा वाद पेटला की त्यात उडी घेण्याआधी एखाद्या गावी जावे, एखाद्या आजीला विचारावे: पहिली शेळी कोणी दिली होती? तिची पहिली पाट कोणाकडे गेली? नाही दिली तर कोण काय म्हणाले? वासरू दात्याकडे परत गेले असेल तर तो व्यवहार होता. ते शेजारणीच्या दारी गेले असेल, आणि शेजारीण वेगळ्या धर्माची वा जातीची असेल, तर त्या गावात काहीतरी मोलाचे घडले होते. ते लिहून ठेवायला हवे.